चौदावा चॅनेल आणि चिपमधला इन्स्पेक्टर

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चौदा चॅनेल आहेत. पहिला २४१२ मेगाहर्ट्झवर, मग पाच-पाच मेगाहर्ट्झची पावलं टाकत तेरावा २४७२ वर. चौदावा मात्र या रांगेत उभा राहत नाही. तो एकदम बारा मेगाहर्ट्झची उडी मारून २४८४ वर जाऊन बसला आहे आणि तो वापरायची मुभा जपानने दिली, तीही फक्त ८०२.११बी या जुन्या पद्धतीसाठी. बाजारातल्या बऱ्याच वाय-फाय चिपना या चॅनेलवर बोलता येतं. त्यांच्या जिभेला काही झालेलं नसतं, फक्त तोंडावर हात ठेवलेला असतो. तो हात कोणाचा आणि तो तिथे कसा आला, याचा इतिहास शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे. संगणकाच्या पुस्तकांत तो सापडत नाही, कारण त्याचा निम्मा भाग कायद्याच्या पुस्तकांत आहे.

सुरुवात कायद्यापासूनच करतो. रेडिओ लहरी भिंत मानत नाहीत, गावाची शीव मानत नाहीत. दोघे एकाच वारंवारतेवर एकाच वेळी बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही. त्यामुळे १९०६ साली बर्लिनमध्ये देश एकत्र बसले आणि बिनतारी संदेशांचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं आणि त्याच वर्षी अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. त्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं. त्या काळच्या समजुतीप्रमाणे या लहरी कुचकामी होत्या, दूर जात नव्हत्या. दहा-अकरा वर्षांत त्याच हौशी लोकांनी त्याच टाकाऊ लहरींवरून अटलांटिकपलीकडे गप्पा मारून दाखवल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वाय-फायही असाच टाकाऊ जमिनीवर उगवलेला आहे.

आपल्याकडे इंग्रजांनी १८८५ चा तार कायदा केला होता. त्यात बिनतारी यंत्र नुसतं घरात ठेवण्याबद्दल काही नव्हतं. ती फट बुजवायला १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. या कायद्याचा गाभा एका शब्दात सांगायचा तर 'ताबा'. यंत्र वापरलं की नाही हा प्रश्न नंतरचा, परवान्याशिवाय ते जवळ असणं हाच गुन्हा. साधा रेडिओ संच विनापरवाना सापडला तर पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड. आमच्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या कागदांबरोबर रेडिओच्या लायसनचं पुस्तक असायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून शिक्का मारून आणलेलं. घरगुती रेडिओचं हे लायसन १९८० च्या दशकात संपलं. आज चाळिशीच्या आतल्या माणसाला सांगितलं तर तो हसतो.

इथे थोडं विषयांतर करतो, भाषेचा मास्तर असल्यामुळे राहवत नाही. 'परवाना' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इथे तो सरकारी कागद होऊन राहिला. उर्दूत त्याचा दुसरा अर्थ अजून जिवंत आहे, शमेभोवती घिरट्या घालणारा पतंग. 'हद्द', 'सरहद्द', 'मनाई', 'मंजुरी' हे शब्दही त्याच वाटेने आले. आपल्या मराठीत हुकमाची आणि बंदीची भाषा बऱ्यापैकी दरबारातून आलेली आहे. पुढे जे सांगणार आहे त्याला हे शब्द चपखल बसतात.

जुन्या काळी हा कायदा राबवायला माणूस लागायचा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. चले जावच्या काळात भूमिगत राहून बातम्या सांगणारं हे केंद्र पोलिसांना चुकवत जागा बदलत राहिलं. लहर कुठून येते हे शोधणारी यंत्रं लावून पोलीस मागावर होते. नोव्हेंबरमध्ये छापा पडला, अटका झाल्या. म्हणजे तेव्हा प्रक्षेपक स्वतः काही मानत नव्हता. तारा जोडल्या की तो बोलायचा. मनाई बाहेरून यायची, इन्स्पेक्टरच्या रूपाने, दारावर थाप मारून.

आता टाकाऊ जमिनीकडे येतो. १९४७ मध्ये अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवले गेले. २४५० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूचा पट्टा त्यातलाच. मायक्रोवेव्ह भट्टी तिथेच चालते. जिथे भट्ट्या गुरगुरतात तिथे कोण बोलायला जाणार? पण १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने, मायकेल मार्कस या आपल्याच अभियंत्याच्या पुढाकाराने, या पट्ट्यांत विनापरवाना बोलायला मोकळीक दिली. अट एवढीच की आवाज लहान ठेवायचा, तो पट्टाभर पसरवून बोलायचा आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं. वाय-फाय हे त्याचं बाजारातलं नाव.

एफसीसीची मोकळीक अमेरिकेपुरती होती. बाकीच्या देशांत त्याच पट्ट्यात कुठे लष्कर बसलेलं, कुठे आणखी कोणी. फ्रान्सने सुरुवातीला दहा ते तेरा एवढेच चॅनेल दिले. स्पेनने दहा आणि अकरा. जपानने आधी २४७१ ते २४९७ एवढीच चिंचोळी पट्टी दिली होती, तिच्या मधोमध एकच चॅनेल मावला. तोच हा चौदावा. १९९९ मध्ये जपानने बाकीचा पट्टाही उघडला, पण चौदावा तसाच मागे राहिला, वाडा पाडल्यावर एकट्या उभ्या राहिलेल्या दरवाजासारखा. अमेरिकेत यंत्रं अकराव्यावर थांबतात, कारण २४८३.५ च्या पुढे उपग्रह फोनची हद्द लागते आणि बारावा-तेरावा तिच्या कुंपणाला घासतात.

एकच कार्ड सगळ्या जगात विकायचं तर त्याला आपण कुठे आहोत हे कळायला हवं. मानक करणाऱ्यांनी सोपा उपाय काढला. चिपला जोडलेल्या छोट्याशा कायमस्वरूपी स्मृतीत, ज्याला ईईप्रॉम म्हणतात, कारखान्यातच एक आकडा लिहायचा. मूळ मानकात असे सहा आकडे होते: अमेरिका, कॅनडा, युरोप, स्पेन, फ्रान्स आणि जपान. बाकीचं जग त्या यादीत नव्हतंच, आपणही नव्हतो. त्यात आपला अपमान वगैरे काही नव्हता. २००५ पर्यंत आपल्याकडे १९३३ च्याच कायद्याचा अंमल होता, आणि वाय-फायचा राऊटरही त्याच्या लेखी बिनतारी यंत्रच. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. त्याच दिवशी ५ गिगाहर्ट्झचे दोन तुकडेही सुटले, पण केवळ घराच्या आत वापरायला. सायबर कॅफेचा सुकाळ होता त्या वर्षी.

त्या आकड्याचं पुढे काय होतं, ते ड्रायव्हरच्या हातात असतं. ड्रायव्हर म्हणजे चिप आणि संगणकाची प्रणाली यांच्यामधला दुभाषा. संगणक सुरू झाला की ड्रायव्हर चिपमधला आकडा वाचतो आणि त्या प्रदेशाच्या नियमांनुसार प्रत्येक चॅनेलवर खूण करतो. काही चॅनेल बंद. काही उघडे, पण एवढ्याच ताकदीने. तिसरी खूण मला फार आवडते. तिचा अर्थ असा: ऐकायचं, पण आपण होऊन बोलायचं नाही. त्या चॅनेलवर कोणी आधी बोललेलं कानावर पडलं, तरच उत्तर द्यायचं. आमच्या मोहल्ल्यातल्या जुन्या लोकांच्या रीतीसारखं, अनोळखी बैठकीत आधी सलाम घरवाल्याकडून येऊ द्यायचा. लिनक्समध्ये '००' नावाचा एक जागतिक नियमसंच आहे. देशच माहीत नसेल तर तो लागू होतो: अकरापर्यंत बोला, बाराव्या-तेराव्यावर आधी कान द्या.

चॅनेल बंद असेल तर ड्रायव्हर तिथे शोधही घेत नाही. याचा प्रत्यय आमच्या शाळेत आला. आखातात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला राऊटर आणून दिला. दुसऱ्या एका कुटुंबाने अमेरिकेतून वापरलेले दोन लॅपटॉप पाठवले होते. राऊटर लावला, सगळ्यांच्या फोनवर नाव दिसलं, लॅपटॉपवर मात्र काहीच नाही. पासवर्ड चुकला तर तसं सांगितलं जातं. इथे तर त्या जाळ्याचं अस्तित्वच नव्हतं. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, हे लॅपटॉप बहिरे आहेत." अगदी बरोबर निदान. राऊटरने आपोआप तेरावा चॅनेल निवडला होता आणि लॅपटॉपच्या चिपमध्ये अमेरिकेचा आकडा कोरलेला होता. दोन्ही यंत्रं आपापल्या देशाचा कायदा निमूटपणे पाळत होती, आणि ती ज्या देशात होती तिथे तेरावा चॅनेल मोकळा होता. राऊटर सहाव्या चॅनेलवर आणला आणि काम झालं.

आता लॅपटॉपच्या मालकाला आपण कोणत्या देशात आहोत हे सांगायची सोय नसते का? असते. लिनक्समध्ये एक ओळ लिहून देश बदलता येतो. पण चिपमध्ये आकडा कोरलेला असेल तर प्रणाली दोन्ही नियमांचा छेद काढते, म्हणजे दोघांनीही मुभा दिलेली असेल तेवढंच उरतं. मालक आपली हद्द आखूड करू शकतो, वाढवू शकत नाही. शेजारचा राऊटर 'मी अमुक देशात आहे' असं हवेत सांगत असतो, २००१ च्या ८०२.११डी या जोडमानकाने ती सोय केली. ड्रायव्हर त्याचंही ऐकतो. फोनचं वेगळं. तो मोबाईलच्या मनोऱ्याकडून देशाचा क्रमांक घेतो. भारताचे ४०४ आणि ४०५, सौदीचा ४२०. उमऱ्याला गेलेल्या माणसाचा फोन जेद्दाला उतरल्यावर नवा मनोरा ऐकतो आणि वाय-फायचे नियमही बदलून घेतो. हातातल्या माणसाला काही कळत नाही.

इथवर सगळं निरुपद्रवी वाटतं. खरा पेच ५ गिगाहर्ट्झमध्ये निघाला, कारण तिथे रडार आहेत. विमानतळांचे, लष्कराचे, हवामान खात्याचे. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचा जो डॉप्लर रडार आहे, तो सी-बँडचा, म्हणजे साधारण याच मोहल्ल्यातला. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत तोडगा निघाला: वाय-फायने इथे पाहुणा म्हणून राहायचं. बोलण्याआधी साठ सेकंद कान देऊन बसायचं. रडारची चाहूल लागली तर दहा सेकंदांत चॅनेल सोडायचा आणि अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यात तर दहा मिनिटं ऐकावं लागतं. पण ही शिस्त कुठे असते? फर्मवेअरमध्ये आणि ड्रायव्हरमध्ये. २००९ मध्ये पोर्तो रिकोतल्या सॅन हुआन विमानतळाजवळच्या हवामान रडारला वाय-फाय जातीच्या यंत्रांचा त्रास होतो आहे हे उघड झालं. विमान उतरताना वाऱ्याचा अचानक फटका बसू नये म्हणून हे रडार असतात. म्हणजे प्रश्न चेष्टेचा नव्हता.

इथे मला दोन्ही बाजू दिसतात आणि एकीला सरळ चूक म्हणता येत नाही. नियामक म्हणतो, माझा इन्स्पेक्टर लाखो घरांत जाऊ शकत नाही, म्हणून तो यंत्राच्या आतच बसवा आणि आतून कडी लावा. सॉफ्टवेअर लिहिणारा म्हणतो, कडी लावली तर माझ्या यंत्रात काय चाललंय ते मला कधीच दिसणार नाही. २००१ मध्ये एफसीसीने सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओंसाठी नियम केला की वापरणाऱ्याला मर्यादा मोडता येऊ नयेत. चिप बनवणाऱ्यांनी त्याचा अर्थ लावला, मूळ लिखाण दाखवायचंच नाही. अथेरोसच्या चिपसाठी लिनक्सवर 'मॅडवायफाय' नावाचा ड्रायव्हर होता, त्याचा रेडिओला हात लावणारा भाग बंद डब्यात यायचा. इंटेलने २००६ मध्ये आपल्या एका चिपसोबत बंद स्वरूपातला एक पहारेकरी प्रोग्रॅम दिला, तो चालू असल्याशिवाय रेडिओ बोलायचा नाही. लोक इतके वैतागले की पुढच्याच वर्षी इंटेलने तो काढून पहारा चिपच्या फर्मवेअरमध्ये हलवला. ओपनबीएसडीच्या राइक फ्लोटरने अथेरोसचा बंद डबा बाहेरून ठोकून, ऐकून, त्याच्या बरोबरीचा खुला भाग स्वतः लिहिला. तो चोरीचा आहे का यावर वाद झाला. २००७ मध्ये वकिलांनी तपासून निर्वाळा दिला की नाही. पण त्याच वर्षी एफसीसीनेही म्हटलं की ज्याची सुरक्षा पूर्णपणे खुल्या सॉफ्टवेअरवर उभी आहे त्याला आपण सुरक्षित असल्याचं सिद्ध करणं जड जाईल. कुलूप उघड्यावर बनवलं तर ते कच्चं, असा त्यामागचा समज. मला तो पटत नाही. गावातल्या सगळ्यांनी पाहून घेतलेलं वजनकाटं जास्त भरवशाचं असतं.

आणि बंद डब्याची किंमत कोण मोजतं? तमिळनाडूत थेनीजवळ अरविंद नेत्र रुग्णालयाची खेड्यांतली केंद्रं आहेत. बर्कलीच्या संशोधकांनी तिथे साध्या वाय-फाय कार्डांवर कित्येक किलोमीटरचे दुवे उभे केले, म्हणजे खेड्यातल्या रुग्णाला शहरातल्या डॉक्टरसमोर पडद्यावर बसता येईल. वाय-फायची मूळ रीत अशी की पोच काही मायक्रोसेकंदांत आली नाही तर निरोप हरवला असं धरायचं. दूरच्या दुव्यावर पोच उशिरा येते. त्यांनी ड्रायव्हर बदलून बोलण्याच्या पाळ्या लावून दिल्या आणि दुवे चालले. ड्रायव्हरला हात लावता आला नसता तर हे झालं नसतं. आपल्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पाने परवानामुक्त ५.८ गिगाहर्ट्झवरून गावांत इंटरनेट नेलं. मोकळा पट्टा आणि मोकळं यंत्र, दोन्ही असतील तरच गरिबाला उपयोग.

२०१५ मध्ये भांडण पेटलं. एफसीसीने राऊटर बनवणाऱ्यांना विचारलं की दुसऱ्याचं फर्मवेअर यंत्रात घालता येऊ नये म्हणून तुम्ही काय करता, आणि उदाहरणादाखल एका खुल्या फर्मवेअरचं नावच घेतलं. ऑक्टोबरमध्ये इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांच्यासह २६० हून अधिक जाणकारांनी पत्र लिहून उलट मागणी केली: कुलूप लावू नका, लिखाण उघडं करा, म्हणजे दोष दिसतील आणि दुरुस्त होतील. नोव्हेंबरमध्ये एफसीसीने ती भाषा मागे घेतली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये टीपी-लिंकने दोन लाख डॉलर भरून एफसीसीशी तडजोड केली. त्यांच्या काही राऊटरमध्ये देशाचा पर्याय बदलला की ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ताकदीने बोलता येत होतं. गंमत अशी की त्याच तडजोडीत कंपनीने खुल्या फर्मवेअरला वाट ठेवण्यासाठी काम करायचंही कबूल केलं. नियम मोडल्याबद्दल दंड आणि नियम पाळायच्या नावाखाली दार लावू नका अशी ताकीद, एकाच कागदावर.

लिनक्सवाल्यांनी मधला मार्ग २००८ मध्येच काढला होता. लुइस रॉड्रिगेझ यांच्या पुढाकाराने सगळ्या देशांचे नियम ड्रायव्हरमधून बाहेर काढून एका स्वतंत्र तक्त्यात ठेवले गेले. साधी मजकुराची फाईल. कोणालाही उघडून वाचता येते. भारताच्या नावाखाली चार-पाच ओळी: कुठून कुठपर्यंत, किती रुंद, किती ताकदीने. २२ ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा भाग, एकूण ६०५ मेगाहर्ट्झ, मोकळा झाला. पण दिल्लीच्या राजपत्रात छापून आलं म्हणून तुमचा लॅपटॉप बदलत नाही. कोणीतरी तो राजपत्राचा हवाला देऊन तक्त्यातली ओळ दुरुस्त करावी लागते, मग ती तपासली जाते, मग ती महिन्या-वर्षांनी तुमच्या यंत्रापर्यंत पोचते. ज्या यंत्रांना नवं सॉफ्टवेअर मिळणं बंद झालंय ती अजून २००५ च्या हिंदुस्थानात राहतात.

त्या तक्त्यावर डिजिटल सही असते. लिनक्सचा गाभा सही जुळल्याशिवाय तो वाचत नाही. सहीची किल्ली तक्ता सांभाळणाऱ्या माणसाकडे असते, आणि हा माणूस कोणत्याही देशाचा सरकारी अधिकारी नसतो. नववीच्या मुलांना मी तो तक्ता फळ्यावर प्रोजेक्टर लावून दाखवला. जपानच्या नावाखाली २४७४ ते २४९४ अशी एक वेगळी ओळ आहे. एका मुलीने विचारलं, आपण तिथल्या आयएनच्या जागी जेपी लिहिलं तर? लिहिता येतं, म्हटलं. मग बऱ्याच चिप चौदाव्यावर बोलायलाही लागत नाहीत, कारण आत दुसरा आकडा कोरलेला आहे. ज्या बोलतील, त्यांच्या मालकाने परवानामुक्त पट्ट्याबाहेर पाऊल टाकलेलं असेल. तिथे २००५ ची सवलत लागू होत नाही, आणि सवलत नसेल तर पुन्हा परवान्याचं पान उघडतं.